लग्नानंतर पॅनवरचं नाव बदलताना: आधी काय, मग काय

तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नाव लिहिलं जातं, उखाणा होतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे त्या नावाने हाक मारू लागतात. आयकर खात्याच्या नोंदीत मात्र तुम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी जी होतात तीच असता. तिथलं नाव आपोआप बदलत नाही. तुम्ही अर्ज कराल तेव्हाच बदलतं, आणि अर्जात जसं लिहाल तसंच बदलतं.

मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. दरवर्षी जून-जुलैत नव्याने लग्न झालेल्या मुली येतात. कुणाचा परतावा अडकलेला असतो, कुणाच्या पीएफचा अर्ज परत आलेला असतो, कुणाकडे चक्क दोन पॅन कार्डं असतात. चूक बहुतेक वेळा फार मोठी नसते. कामं उलट्या क्रमाने झालेली असतात, किंवा तीन कागदांवर तीन तऱ्हेचं नाव असतं. म्हणून क्रमवार लिहिते आहे. घाईत असाल तरी पहिले दोन भाग वगळू नका. सगळ्यात जास्त त्रास तिथेच वाचतो.

नाव बदलायलाच हवं का?

नाही. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. पॅन, आधार, बँक, पीएफ, पासपोर्ट ही सगळी कागदपत्रं माहेरच्या नावाने असतील आणि एकमेकांशी जुळत असतील, तर तुम्हाला काहीही करायची गरज नाही. आयकराच्या दृष्टीने नवरा आणि बायको हे दोन स्वतंत्र करदाते असतात. दोघांचं आडनाव एक आहे की दोन, याने कराचा एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही.

‘कधीतरी लागेल’ म्हणून घरच्यांनी घाई केली, आधारवर नाव बदललं आणि बाकी सगळं तसंच राहिलं, असं फार घरांत होतं. अर्धवट बदल हा न बदलण्यापेक्षा आणि पूर्ण बदलण्यापेक्षाही त्रासाचा. म्हणून आधी ठरवा. बदलायचं नसेल तर कशालाच हात लावू नका. बदलायचं असेल तर तीन-चार महिने चिकाटीने सगळीकडे बदलून घ्यायची तयारी ठेवा.

माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लावायची असतील तरी चालतं. फक्त त्याला जरा जास्त कागद लागतो. तो विषय पुढे राजपत्राच्या, म्हणजे सरकारी गॅझेटच्या भागात आहे.

एका कागदावर नाव लिहा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण कुणी करत नाही.

आपल्या मराठी नावाची रचना बाकीच्या बऱ्याच राज्यांपेक्षा वेगळी. आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. समजा, लग्नाआधी नाव होतं स्वाती दिनकर कुलकर्णी आणि लग्नानंतर झालं स्वाती अमोल देशमुख. म्हणजे तीनपैकी दोन शब्द बदलले. काहीजणी आडनाव बदलतात पण मधे वडिलांचंच नाव ठेवतात. काहीजणी मधलं नाव गाळून टाकतात, स्वाती देशमुख एवढंच लिहितात. यातलं काहीही निवडा, पण जे निवडाल तेच सगळीकडे आलं पाहिजे. आधारवर तीन शब्द, पॅनवर दोन आणि बँकेत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर, असं झालं की संगणक तिघींना तीन वेगळ्या बायका समजतो.

मग स्पेलिंग. नोंदी इंग्रजीत असतात आणि मराठी नाव इंग्रजीत लिहायचे मार्ग अनेक. ‘स्वाती’त डब्ल्यू की व्ही? शेवटी आय की दोनदा ई? ‘देशमुख’मध्ये यू की दोन ओ? ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय असा लिहितो, हिंदी भाषक ऑपरेटर जी-वाय असा लिहितो. नवऱ्याचं नाव आणि आडनाव त्याच्या पॅनवर आणि आधारवर ज्या स्पेलिंगने आहे, नेमकं तेच घ्या. त्याच्या स्वतःच्याच दोन कागदांवर दोन स्पेलिंग असतील (हे वाटतं त्यापेक्षा खूपदा सापडतं), तर आधी त्याची दुरुस्ती करा, मग तुमची.

कागदावर मराठीत आणि ठळक इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव लिहा. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन वेगळ्या ओळी करा. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक खिडकीवर आणि प्रत्येक फॉर्मवर नाव पाठ म्हणून सांगू नका, हा कागद दाखवा.

तीन ओळी करायला सांगते आहे त्याला कारण आहे. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं: कुलकर्णी स्वाती दिनकर. फॉर्म भरणारा ते पाहून आडनाव पहिल्या नावाच्या चौकटीत टाकतो, आणि पॅनवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव येऊन बसतं.

विवाह नोंदणी प्रमाणपत्र

पुढचं सगळं यावर उभं आहे. मंगल कार्यालयाची पावती, गुरुजींनी दिलेलं पत्र किंवा लग्नाचे फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८’ या कायद्याखाली नोंदणी होते. शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. उशीर झाला तरी नोंदणी होते, विलंब शुल्क भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ च्या निकालात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले, तेव्हापासून नोंदणी नसेल तर बऱ्याच ठिकाणी अडवणूक होते.

नोंदणीला दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची किंवा काझींची सही लागते. लग्नाच्या धामधुमीत गुरुजींची सही राहून जाते आणि मग महिनाभर त्यांच्या मागे फिरावं लागतं. फॉर्म आधीच आणून ठेवा आणि कार्यालय सोडण्यापूर्वी सही घ्या.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. तुमचं लग्नाआधीचं नाव तुमच्या जुन्या आधार-पॅनवर जसं आहे तसंच हवं, आणि नवऱ्याचं नाव त्याच्या आधारप्रमाणे. बऱ्याच प्रमाणपत्रांवर वधूचं फक्त आधीचं नाव असतं. त्यात काळजीचं काही नाही. जुनं नाव तुमचं, मधलं नाव आणि आडनाव नवऱ्याचं, असा दुवा त्यातून लागतो. पण हा दुवा जुळायचा तर दोन्ही बाजूंची अक्षरं अचूक हवीत. इथे सुटलेली चूक पुढे पाच ठिकाणी दुरुस्त करावी लागते. मूळ प्रत लॅमिनेट करू नका. दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा.

राजपत्र कुणाला लागतं

सगळ्यांना लागत नाही. विवाह प्रमाणपत्रातून ज्या नावाचा दुवा लागत नाही, त्यांना लागतं.

पहिलं नावच बदललेलं असेल तर, म्हणजे तांदळात लिहिलेलं नाव कागदोपत्री आणायचं असेल तर, राजपत्र करा. ‘स्वाती’ची ‘मृण्मयी’ झाली हे विवाह प्रमाणपत्रावरून कुणालाच कळणार नाही. दोन्ही आडनावं लावायची असतील, किंवा लग्नाच्या निमित्ताने जुनी चूकही दुरुस्त करायची असेल, तरी हाच मार्ग.

महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलाची सूचना छापून येते. हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचं, ज्याचं कार्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि प्रसिद्ध झालेलं पानही ऑनलाइन उतरवता येतं, त्यामुळे नागपूर-लातूरहून मुंबईला यायची गरज नाही. अर्जात जुनं नाव, नवं नाव आणि कारण लिहायचं असतं. आपण लिहू तेच छापलं जातं, म्हणून पाठवण्यापूर्वी तो पहिला कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा. छापल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा पैसे आणि पुन्हा वाट पाहणं.

नेहमीच्या पद्धतीने फक्त मधलं नाव आणि आडनाव बदलत असेल तर राजपत्राशिवाय पॅनचं काम होतं. कुणी एजंट ‘गॅझेट कंपल्सरी आहे’ म्हणून तीन-चार हजार मागत असेल तर थांबा.

आधार आधी, पॅन नंतर

हा क्रम उलटा केला की अर्ज अडतो. पॅनच्या दुरुस्तीत तुमचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी पडताळलं जातं. आधारवर कुलकर्णी आणि पॅनच्या अर्जात देशमुख असेल तर संगणक ते स्वीकारत नाही. शिवाय आधारवर नवं नाव आलेलं असेल तर पॅनचा अर्ज घरबसल्या, कागद न पाठवता करता येतो.

आधार सेवा केंद्रात जाताना विवाह नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, जुन्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र आणि केलं असेल तर राजपत्र घ्या. तिथे झेरॉक्स चालत नाही, मूळ कागद स्कॅन करतात. नाव, पत्ता अशा माहितीच्या बदलाला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये लागतात. एकाच फेरीत नाव आणि पत्ता दोन्ही बदलले तरी शुल्क एकदाच. सासरच्या पत्त्याचा तुमच्या नावाने पुरावा नसेल तर कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याच्या आधारवरून पत्ता घेता येतो. त्यात नवऱ्याला त्याच्या बाजूने संमती द्यावी लागते आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. त्याला ते आठवणीने करायला सांगा.

आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. लहानपणी किंवा कॉलेजात एकदा दुरुस्ती करून घेतली असेल, तर लग्नाची ही दुसरी आणि शेवटची संधी. तिसऱ्यांदा बदल हवा असेल तर अपवाद म्हणून वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि ती लांबते. एवढ्यासाठीच त्या पहिल्या कागदाचा आग्रह धरला.

ऑपरेटर नाव टाइप करतो तेव्हा पडदा तुमच्याकडे वळवून घ्या. आधारवर नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत येतं आणि एका भाषेतून दुसरीत यंत्र आपोआप रूपांतर करतं. इंग्रजी बरोबर असलं तरी मराठीत ‘देश्मुख’ होऊन बसतं. शेवटी मिळणाऱ्या पावतीवर सही करण्यापूर्वी दोन्ही वाचा. चूक तिथे दिसली तर तिथेच दुरुस्त होते.

बदल व्हायला साधारण काही दिवस ते महिना लागतो, जास्तीत जास्त ९० दिवसही लागू शकतात. तोवर पॅनचा अर्ज करू नका.

आता पॅन

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नाव बदलतं, पॅन क्रमांक बदलत नाही. जन्मभर तोच राहतो. पॅनमध्ये दहा अक्षरं-अंक असतात. पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं अक्षर पॅन काढताना असलेल्या आडनावाचं आद्याक्षर असतं. म्हणजे कुलकर्णीची देशमुख झाली तरी क्रमांकातला ‘के’ तसाच राहणार. ‘माझ्या पॅनमध्ये अजून माहेरचं अक्षर आहे, चुकलंय का?’ असं मला दर वर्षी विचारलं जातं. चुकलेलं नाही. ते तसंच असतं.

यातूनच दोन पॅन कार्डांचा घोळ होतो. नवं नाव म्हणून मुली ‘नवीन पॅन’चा अर्ज करतात किंवा गल्लीतल्या सायबर कॅफेवाला करून देतो. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणं बेकायदा आहे आणि त्याला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. आयकराच्या संकेतस्थळावरचं झटपट ई-पॅन हेही ज्यांच्याकडे आजवर पॅन नव्हतं त्यांच्यासाठीच आहे. तुम्हाला निवडायचा आहे तो पर्याय ‘पॅनमधील माहितीत बदल किंवा दुरुस्ती’. चुकून दुसरं पॅन निघालंच असेल तर ते वापरू नका, परत करण्याचा अर्ज करा.

अर्ज दोन ठिकाणी करता येतो: प्रोटियन, म्हणजे पूर्वीची एनएसडीएल ई-गव्हर्नन्स, आणि यूटीआयआयटीएसएल. दोन्ही सारखेच अधिकृत. तुमचं जुनं कार्ड कुणाकडून निघालं होतं याने फरक पडत नाही. छापील कार्ड भारतात मागवायला साधारण १०७ रुपये लागतात, फक्त ई-पॅन हवं असेल तर त्याहून कमी. कुणी पाचशे-हजार मागितले तर उरलेले पैसे त्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारी शुल्काचे नाहीत.

फॉर्म भरताना घोळ कुठे होतात ते सांगते.

डाव्या बाजूचे चौकोन. दुरुस्तीच्या फॉर्मवर प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक लहान चौकोन असतो. ज्या माहितीत बदल हवा, फक्त त्याच्यासमोर खूण करायची. नाव भरलं पण चौकोन सोडला, तर जुन्याच नावाचं कार्ड घरी येतं. उलट, नको तिथे खूण केली तर त्याचेही पुरावे मागतात.

वडिलांचं नाव. इथे जवळजवळ प्रत्येक नवी नवरी चुकते. मधल्या नावाच्या रकान्यात तुम्ही नवऱ्याचं नाव लिहिलंत, ते ठीक. पण ‘वडिलांचं नाव’ हा वेगळा रकाना आहे आणि लग्न झालेल्या बाईनेही तिथे वडिलांचंच पूर्ण नाव लिहायचं असतं. पतीचं नाव तिथे येत नाही. स्वाती अमोल देशमुख यांच्या कार्डवर वडिलांच्या जागी दिनकर कुलकर्णी हेच छापलं जाईल, आणि ते बरोबर आहे. वडिलांऐवजी आईचं नाव कार्डवर छापून हवं असेल तर तीही सोय आहे, फॉर्ममध्ये तसं निवडता येतं.

नावाआधीचं ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘डॉ.’ काहीही लिहायचं नाही. पहिल्या नावात आणि आडनावात नुसती आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण शब्द हवेत. कार्डावर छापायच्या नावाची वेगळी ओळ असते, तिथेही आद्याक्षरांत लांबी वाचवू नका, पूर्ण नाव लिहा.

सही. लग्नानंतर सही बदलणार असाल तर आत्ताच बदला आणि फोटो-सहीच्या बदलाचा चौकोनही निवडा. पुढे बँकेत हीच सही द्या.

अर्ज सादर करण्याचे तीन मार्ग आहेत. आधारच्या ओटीपीवर पूर्ण कागदाविना होणारा मार्ग सगळ्यात जलद, पण त्यात कार्डावर आधारचाच फोटो येतो. दहा वर्षांपूर्वीचा अंधुक फोटो नको असेल तर दुसरा मार्ग घ्या: कागद, फोटो आणि सही स्कॅन करून चढवायचे आणि आधार ओटीपीने ई-सही करायची. तिसरा मार्ग म्हणजे फॉर्म छापून, फोटो चिकटवून, स्वसाक्षांकित झेरॉक्स जोडून टपालाने पाठवणं. प्रोटियनची पॅन सेवा पुण्यातून चालते, कागद तिकडे जातात, आणि अर्ज केल्यापासून १५ दिवसांत पोचायला हवेत. या कागदी फॉर्मवर दोन फोटो लागतात. डावीकडच्या फोटोवर अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर अशी आडवी सही करायची, उजवीकडचा मोकळा ठेवायचा. उजव्या फोटोवर सही केल्यामुळे परत आलेले फॉर्म मी पाहिले आहेत.

नाव बदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्राची प्रत, पतीचं नाव असलेला पासपोर्ट किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र यांपैकी एक लागतं. लग्नपत्रिकाही चालत आली आहे. तरी माझं म्हणणं असं की पत्रिकेवर भागवू नका. पॅनचं काम त्यावर निघेलही, पण बँकेत आणि पासपोर्टला प्रमाणपत्र लागणारच आहे, मग तेच सगळीकडे द्या.

अर्ज झाल्यावर १५ अंकी पोचपावती क्रमांक मिळतो, त्यावर अर्ज कुठवर आला ते पाहता येतं. साधारण दोन-तीन आठवड्यांत ई-पॅनची फाइल ईमेलवर येते. ती उघडायचा पासवर्ड म्हणजे तुमची जन्मतारीख, सलग आठ अंकांत. कार्ड नंतर टपालाने येतं. म्हणून फॉर्मवर असा पत्ता द्या जिथे दिवसा कुणीतरी असतं.

विवरणपत्राचे दिवस टाळा

नोकरदारांची विवरणपत्र भरायची मुदत एरवी ३१ जुलै असते. मे ते जुलै या काळात नाव बदलाचा अर्ज करू नका. आधारवर नवं नाव, पॅनवर जुनं आणि मधेच विवरणपत्र, अशी अवस्था होते. ज्यांचं लग्न डिसेंबर-फेब्रुवारीच्या मुहूर्तावर झालं त्यांनी एप्रिलपर्यंत सगळं उरकावं. मे महिन्यात लग्न झालेल्यांनी आधी जुन्या नावाने विवरणपत्र भरून टाकावं आणि ऑगस्टमध्ये कामाला लागावं. जुन्या नावाने भरलेलं विवरणपत्र पूर्णपणे वैध असतं. त्या दिवशी पॅनवर जे नाव, तेच तुमचं करदाता म्हणून नाव.

बदल चालू असताना पगारातून कापलेला टीडीएस कुठेतरी हरवेल अशी भीती अनेकींना वाटते. तसं होत नाही. टीडीएस नावावर जमा होत नाही, पॅन क्रमांकावर जमा होतो. क्रमांक तोच आहे, म्हणून जुन्या नावाच्या काळातली कपात, विवरणपत्रं आणि परतावे सगळे एकाच खात्यात दिसत राहतात. आधारशी पॅन आधी जोडलेलं असेल तर नाव बदलल्याने ती जोडणी तुटत नाही. कधीच जोडलेलं नसेल तर मात्र ३० जून २०२३ ची मुदत उलटून गेलेली आहे. तेव्हा १,००० रुपये भरून जोडणी करावी लागते आणि तोवर पॅन निष्क्रिय राहतं. निष्क्रिय पॅनवर परतावा थांबतो आणि व्याजासारख्या उत्पन्नावर २० टक्क्यांनी टीडीएस कापला जातो.

पॅन हातात आल्यावर

आयकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर पॅन पडताळणीची सोय आहे. तिथे पॅन क्रमांक, नवं नाव आणि जन्मतारीख टाका. नोंद जुळते असं उत्तर आलं की मगच बँकेत जा. तुमच्या ई-फायलिंग खात्यात नाव वेगळं बदलावं लागत नाही, ते पॅनच्या नोंदीवरून येतं. पत्ता, मोबाइल आणि ईमेल मात्र स्वतः बदलायचे. माहेरी वडिलांचा मोबाइल नंबर दिलेला असेल तर तो आत्ताच बदला, नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी बाबांना फोन.

बँकेत अर्ज, नवं पॅन, नवं आधार, विवाह प्रमाणपत्र आणि सहीचा नवा नमुना द्या. खाते क्रमांक तोच राहतो. नाव बदललं की ई-फायलिंगवर जाऊन ते खातं पुन्हा प्रमाणित करून घ्या. परतावा फक्त प्रमाणित खात्यात येतो, आणि बँकेतलं नाव पॅनशी जुळलं नाही तर तो परत जातो. गेल्या वर्षी एका मुलीने बँकेत आधी नाव बदललं आणि पॅन तसंच ठेवलं. तिचा परतावा महिनोन्महिने लोंबकळला. पॅन बदलून खातं पुन्हा प्रमाणित केल्यावर रक्कम आली, पण तोवर तिच्या ईएमआयचं गणित पार कोलमडलं होतं.

आहेरात नव्या नावाने लिहिलेले धनादेश आलेले असतील तर ते खात्यावर नाव बदलण्याआधी वटणार नाहीत. धनादेशाची मुदत तीनच महिन्यांची असते. नातेवाइकांना विनंती करून जुन्या नावाने घ्या किंवा ऑनलाइन पाठवायला सांगा. लग्नात वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. तेव्हा त्यापायी संकोच नको.

नोकरी करत असाल तर एचआरला नवं पॅन आणि आधार एकाच ईमेलमध्ये द्या. पीएफच्या नोंदीतलं नाव आधारशी जुळावं लागतं, ते जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे तुमच्या आणि कंपनीच्या संयुक्त अर्जाने बदलतं. तिथे गेलातच तर नामनिर्देशनही नव्याने करा, पीएफचं आणि ग्रॅच्युइटीचं दोन्ही. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर ग्राह्य राहीलच असं नाही.

स्वतःचा व्यवसाय असेल आणि जीएसटी क्रमांक असेल तर पॅनवर नाव बदलल्यापासून १५ दिवसांत जीएसटी नोंदणीतही दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकटीच्या मालकीच्या व्यवसायात, कायदेशीर नाव म्हणजे तुमचंच नाव, दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं. डिजिटल सही वापरत असाल तर ती नव्या नावाने काढून ई-फायलिंगवर पुन्हा नोंदवा.

म्युच्युअल फंड, डीमॅट आणि विमा यांच्यासाठी केवायसी बदलाचा अर्ज करावा लागतो, पण तो शेवटी केला तरी चालतो. माहेरच्या शेतजमिनीत किंवा घरात तुमचं नाव जुन्या नावाने असेल तर केवळ लग्न झालं म्हणून ते बदलायची घाई करू नका, तुमचा हक्क नावाच्या बदलाने जात नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून आईचं नाव लावण्याबाबतचा जो निर्णय लागू केला, त्यातही विवाहित स्त्रीला मिळकतीच्या कागदात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करायची मुभा ठेवली आहे. माझं मत विचाराल तर, निदान माहेरच्या मिळकतीत तरी ती मुभा जरूर वापरावी.

लग्न होऊन परदेशी जाणार असाल तर

आधारवरचा बदल निघण्यापूर्वी उरका, कारण त्यासाठी केंद्रात स्वतः जावं लागतं. पॅनचा अर्ज तिकडूनही होतो, पण छापील कार्ड परदेशी पत्त्यावर मागवायला हजाराहून थोडे जास्त रुपये लागतात. त्यापेक्षा ई-पॅन घ्या. आणि पासपोर्टवर जे नाव कराल तेच पॅनवर ठेवा. व्हिसा, परदेशातली बँक आणि इथलं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं हे सगळं पासपोर्टवरूनच चालणार आहे.

जुनी कार्डं

नवं कार्ड आलं म्हणून जुनं फाडून टाकू नका. त्याची दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स, जुन्या आधारची प्रत, विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्र असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा, स्कॅन करून ईमेलवरही ठेवा. जुन्या कंपनीचा पीएफ, विसरलेली मुदत ठेव, कॉलेजात असताना बाबांनी काढलेली पॉलिसी, यातलं काहीतरी दहा वर्षांनी वर येतं आणि तिथला माणूस विचारतो, ‘ह्या कुलकर्णी म्हणजे तुम्हीच कशावरून?’ तेव्हा ही फाइल त्याच्यासमोर ठेवायची.